गेम स्टुडिओचा ताळेबंद: किती प्रती खपल्या की खर्च निघतो?

जमाखर्च

गेम काढायचा म्हटलं की चर्चा इंजिनवरच (गेम ज्यात बनवतात त्या सॉफ्टवेअरवरच) अडते. पैशांचं गणित कोणी कागदावर मांडत नाही, म्हणून हा धागा. खालचा हिशोब नमुन्याचा आहे. आकडे आपापल्या परिस्थितीप्रमाणे बदलून घ्या, पण ओळी गाळू नका.

धरू या, पुण्यात चार जणांचा स्टुडिओ आहे. पीसीवरचा एक गेम, स्टीमवर (पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात) किंमत १४.९९ डॉलर, बनवायला २४ महिने.

खर्च: पगार सरासरी ५० हजार, म्हणजे चौघांचे महिन्याला २ लाख आणि दोन वर्षांचे ४८ लाख. चार मशीन ४.८ लाख. जागाभाडं, वीज, इंटरनेट मिळून महिन्याला २५ हजार, म्हणजे ६ लाख. संगीत आणि ध्वनी बाहेरून करून घेतलं तर २.५ लाख. ट्रेलर आणि स्टोअर पानावरची चित्रं १ लाख. गेममध्ये २० हजार शब्द असतील आणि पाच भाषांत भाषांतर करायचं असेल तर शब्दाला साडेआठ रुपयांप्रमाणे ८.५ लाख. सीए, ऑडिट, कंपनीची वार्षिक कागदपत्रं १.२ लाख. एकूण ७२ लाख. त्यावर २० टक्के राखीव धरा, कारण गेम ठरल्या महिन्यात संपत नाही. झाले ८६.४ लाख.

आता जमेची बाजू, ५,००० प्रतींसाठी. भारत, ब्राझील, तुर्कस्तानात किंमत कमी असते आणि बरीच विक्री सवलतीत होते, म्हणून सरासरी वसुली १४.९९ न धरता ९.५० डॉलर धरली.

एकूण विक्री ४७,५०० डॉलर. परतावे १० टक्के वजा, राहिले ४२,७५०. युरोपातला व्हॅट, आपल्याकडचा जीएसटी असे किमतीत धरलेले कर सरासरी १२ टक्के वजा, राहिले ३७,६२०. स्टीमचे ३० टक्के वजा, राहिले २६,३३४. यातली ३५ टक्के विक्री अमेरिकेतली धरली तर तेवढ्या भागावर तिकडचा १५ टक्के कर कापला जातो, म्हणजे १,३८२ डॉलर. हातात २४,९५२ डॉलर. ८५ रुपयांच्या दराने सुमारे २१ लाख २० हजार.

विकलेल्या प्रतीमागे ४२४ रुपये. ज्या प्रतीची पाटी १४.९९ डॉलर, म्हणजे जवळपास पावणेतेराशे रुपये सांगते, तिचे.

८६.४ लाखांना ४२४ ने भागा. २०,३७७ प्रती. त्या विकल्यावर स्टुडिओ शून्यावर येतो, नफा त्यानंतर.

रात्रपाळी

मांडणी चोख आहे. एक ओळ राहिली: प्रकाशनानंतरचे महिने. गेम १५ तारखेला आला, तर त्या महिन्याच्या विक्रीचे पैसे स्टीम पुढच्या महिन्याच्या अखेरीस पाठवतं. म्हणजे पहिला रुपया खात्यात यायला साधारण दीड महिना. त्याच काळात चुका दुरुस्त करायच्या असतात, म्हणून टीम मोडता येत नाही. तीन महिन्यांचे पगार, ६ लाख, प्रकाशनाच्या दिवशी बँकेत वेगळे हवेत. पैसे नेमके इथे संपतात, कारण 'गेम आला की पैसे येतीलच' असं धरून शेवटची रक्कम ट्रेलरवर उडवलेली असते.

नदीकाठ

१० टक्के परतावे हे छोट्या गेमला कमी पडतील. स्टीमचा नियम असा: विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ २ तासांपेक्षा कमी असेल तर पैसे परत. तुमचा गेमच दीड तासात संपत असेल तर पूर्ण खेळून झाल्यावरही परत करता येतो. छोटा गेम करायला हरकत नाही, पण मग परतावे १५ ते २० टक्के धरून हिशोब करा.

जमाखर्च

नदीकाठ, मान्य. १० टक्के हे आठ-दहा तासांच्या गेमसाठी धरले होते.

पावती_पुस्तक

अमेरिकेच्या कराच्या ओळीबद्दल. ते १५ टक्के आपोआप मिळत नाहीत. भारत-अमेरिका कर-करार आहे म्हणून रॉयल्टीवर १५, नाहीतर ३० टक्के. स्टीमवर खातं उघडताना कराची प्रश्नावली येते. व्यक्ती असाल तर डब्ल्यू-८बेन हा फॉर्म, कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असाल तर डब्ल्यू-८बेन-ई. त्यात कराराचा लाभ मागायचा आणि पॅन टाकायचा. पॅनची जागा रिकामी सोडली की ३० टक्के. वरच्या उदाहरणात हा फरक १,३८२ डॉलरचा, म्हणजे सुमारे १ लाख १७ हजार रुपयांचा, एका रिकाम्या चौकटीपायी.

कापलेल्या कराचं क्रेडिट भारतात मिळतं, पण परदेशी कराच्या क्रेडिटचा फॉर्म (आतापर्यंत तो फॉर्म ६७ होता) वेगळा भरावा लागतो. आणि हे नीट लक्षात घ्या: त्या वर्षी तुम्ही तोट्यात असाल आणि भारतात कर बसतच नसेल, तर ते क्रेडिट पुढच्या वर्षावर ढकलायची सोय नियमात नाही. पहिल्या वर्षी बहुतेक स्टुडिओ तोट्यातच असतात. म्हणून ती रक्कम खर्चच समजा, येणं समजू नका.

दुसरी चूक नावाची. घाईघाईत चौघांपैकी एकाच्या नावावर खातं उघडतात, कंपनी नंतर स्थापन होते. मग उत्पन्न त्या एकाच्या पॅनवर दिसतं, कर त्याला लागतो आणि गेम कंपनीच्या खात्यावर हलवायची प्रक्रिया वेगळी करावी लागते. आधी कंपनी किंवा एलएलपी, मग तिचं चालू खातं, मग स्टीम. तिन्हीकडे नाव अक्षरशः तेच हवं.

जीएसटी: सेवेच्या उलाढालीची मर्यादा वर्षाला २० लाख. परदेशातून डॉलरमध्ये येणारी रक्कम निर्यात ठरते आणि तिच्यावर शून्य दर असतो, पण त्यासाठी एलयूटी (जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र) भरलेलं असावं लागतं. ते आर्थिक वर्षापुरतंच चालतं, दर वर्षी नवं. बँकेकडून प्रत्येक रकमेची परदेशी जमा पावती मागून ठेवा. जीएसटी परताव्याच्या अर्जाला ती लागते, आणि दोन वर्षांनी मागायला गेलं तर बँकेत कोणाला सापडत नाही.

तिरकी_रेघ

बँकेचा विषय निघालाच आहे म्हणून: व्यवसायाच्या वर्णनात नुसतं 'गेमिंग' लिहू नका. २०२३ च्या ऑक्टोबरपासून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना वेगळा, चढा जीएसटी लागला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने अशा खेळांवर बंदीचा कायदाच केला. त्यानंतर हा शब्द दिसला की खातं उघडताना दहा प्रश्न येतात. 'व्हिडिओ गेम सॉफ्टवेअर निर्मिती आणि निर्यात' असं लिहा, आणि गेममध्ये पैज किंवा रोख बक्षीस नाही हे एका ओळीत सांगा.

विशलिस्ट_वारकरी

२०,३७७ प्रती हा आकडा हवेत ठेवून चालणार नाही, त्याला प्रकाशनाआधी मोजता येणाऱ्या गोष्टीशी बांधावं लागतं. ती गोष्ट म्हणजे विशलिस्ट, म्हणजे 'हा गेम पुढे घ्यायचा' म्हणून स्टीमवर खूण करून ठेवणाऱ्यांची संख्या.

लोक वापरतात ते ठोकताळे असे. पहिल्या आठवड्यातली विक्री प्रकाशनाच्या दिवशीच्या विशलिस्टच्या ०.१ ते ०.२ पट. पहिल्या वर्षाची विक्री पहिल्या आठवड्याच्या तीन ते पाच पट. हे नियम नव्हेत, दोन्ही बाजूंना भरपूर अपवाद आहेत, पण खर्च ठरवायला पुरतात. उलटं मोजू. वर्षात २०,००० हव्यात, चौपट धरलं तर पहिल्या आठवड्यात ५,०००. त्यासाठी विशलिस्ट २५,००० ते ५०,०००. स्टीमच्या 'लवकरच येणारे लोकप्रिय' यादीत शिरायला साधारण ७,००० लागतात असं बोललं जातं. म्हणजे ७,००० झाले म्हणून पेढे वाटणाऱ्या चौघांचा खर्च त्या आकड्यावर निघत नाही.

काय करायचं ते क्रमाने. स्टोअरचं पान गेम अर्धा झाल्यावर लगेच उघडा. नियमाने 'लवकरच येत आहे' पान किमान दोन आठवडे लागतं, पण दोन आठवड्यांत काही जमत नाही, वर्षभर हवं. १०० डॉलरची नोंदणी फी भरल्यावर प्रकाशनाआधी ३० दिवस थांबावं लागतंच. (१,००० डॉलरची विक्री झाल्यावर ती फी परत मिळते.) नेक्स्ट फेस्ट (येऊ घातलेल्या गेमच्या डेमोंचा स्टीमवरचा महोत्सव) वर्षातून तीनदा होतो, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये, आणि एका गेमला एकदाच भाग घेता येतो. तो कच्च्या डेमोवर वाया घालवू नका. प्रकाशनाच्या लगेच आधीचा फेस्ट घ्या, आणि डेमो काही आठवडे आधीच बाहेर काढून त्यातले अडथळे दूर करा.

प्रकाशनाच्या सवलतीत १० ते १५ टक्के ठेवा. ती संपली की ३० दिवस दुसरी सवलत लावता येत नाही. विशलिस्टवाल्यांना सवलतीचा ईमेल जातो तो २० टक्के किंवा त्याहून जास्त सवलत असेल तरच. १५ टक्क्यांची सवलत वर्षभर लावत बसलात तर ईमेलही जात नाही आणि पैसेही जातात.

आडवाटा

या सगळ्या गणितात स्पर्धा कुठे आहे? २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८,००० हून जास्त गेम आले. दिवसाला पन्नास. चांगला गेम बनवला की लोक येतात, हा भरवसा कशाच्या जोरावर?

विशलिस्ट_वारकरी

भरवसा नाहीच. म्हणून तर तपासणीचे टप्पे ठेवायचे. आपल्यासारख्या गेमची स्टीमवरची खेळाडूंची परीक्षणं मोजा, त्यांना ३० ते ५० ने गुणा, साधारण किती प्रती गेल्या ते कळतं. असे पंधरा गेम काढा, आणि यशस्वी तेवढेच निवडू नका, मागच्या दोन वर्षांत त्या प्रकारात आलेले सगळे घ्या. पंधरांपैकी मधल्या, म्हणजे आठव्या गेमची विक्री तुमच्या खर्चाला पुरत नसेल, तर तो खर्च त्या प्रकारासाठी जास्त आहे. गेम वाईट आहे असा त्याचा अर्थ नाही.

कलमबहाद्दर

प्रकाशक (गेमला आगाऊ पैसे देऊन त्याची जाहिरात करणारी कंपनी) मिळाला की जोखीम संपली असं वाटतं, त्याबद्दल लिहितो. करारात एकच वाक्य पाहा: आगाऊ रक्कम *कोणाच्या हिश्शातून* वसूल होणार.

स्टीमचे पैसे वजा जाता १ कोटी जमा झाले असं धरा. प्रकाशकाने ४० लाख आगाऊ दिले, जाहिरातीवर १५ लाख खर्च केले, वाटणी अर्धी-अर्धी.

पहिला करार: आधी ५५ लाख बाजूला, मग उरलेल्या ४५ लाखांची वाटणी. तुम्हाला आणखी २२.५ लाख.

दुसरा करार: आधी वाटणी, मग वसुली तुमच्या हिश्शातून. तुमचे ५० लाख, त्यातून ५५ वळते. तुम्हाला शून्य, वर ५ लाख अजून फेडायचे. प्रकाशकाकडे त्याचे स्वतःचे ५० लाख आहेत, आणि तुमच्या हिश्शातून वळते केलेले ५०.

तेच आकडे, तीच 'अर्धी-अर्धी' वाटणी. फरक एका शब्दाचा, आणि तो दहाव्या-बाराव्या पानावर असतो.

जाहिरातीच्या खर्चाला कमाल मर्यादा लिहून घ्या, नाहीतर १५ चे ३० लाख होतात आणि वसुली पुढे सरकत राहते. हिशोब तपासायचा हक्क वर्षातून एकदा. टप्प्याचं काम दिल्यावर मंजुरीला किती दिवस, आणि त्या मुदतीत उत्तर आलं नाही तर मंजूर समजायचं, हे कलम हवंच. ३० दिवस मंजुरीला, ३० दिवस पैसे द्यायला, म्हणजे दोन महिन्यांचे पगार तुमच्या खिशातून. आणि प्रकाशकाने गाशा गुंडाळला तर हक्क आपोआप परत यायला हवेत. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये अन्नपूर्णा इंटरॅक्टिव्ह या अमेरिकी प्रकाशकाच्या सगळ्या टीमने एकदम राजीनामे दिले. ज्यांचे गेम अर्ध्यावर होते, त्यांनी करार केला तेव्हाची माणसं एका आठवड्यात समोर राहिली नाहीत.

सनदशीर

कलमबहाद्दर, उत्तम. मी त्याच्या आधीच्या पायरीवर येतो, कारण गेमचे हक्क तुमच्याकडे पूर्ण नसतील तर प्रकाशक सहीच करणार नाही.

पगारी नोकराने नोकरीत केलेलं काम मालकाचं, हे कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे. पण बाहेरच्या संगीतकाराला किंवा चित्रकाराला पैसे दिले म्हणून कामाचे हक्क आपोआप तुमचे होतीलच असं नाही. लेखी हस्तांतरण लागतं. आणि त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कलम १९(५) नुसार ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर १९(६) नुसार फक्त भारत. आता पाहा: गेमची ९५ टक्के विक्री परदेशात, आणि संगीताचे हक्क तुमच्याकडे भारतापुरते, तेही पाच वर्षांसाठी. 'पैसे मिळाले, काम तुमचं' एवढ्या ईमेलवर चाललेल्या स्टुडिओची ही अवस्था असते.

लेखात ही ओळ हवी: जगभरासाठी, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, आज असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांसाठी हस्तांतरण, आणि कलम १९(४) मधली एक वर्षात वापर न केल्यास हक्क परत जाण्याची तरतूद लागू नाही. दोन्ही सह्या, तारीख, मोबदल्याची रक्कम, कामाची यादी. काम सुरू व्हायच्या आधी. नंतर मागितलं तर तोच कलाकार जास्त पैसे मागू शकतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

भागीदारांचंही तसंच. चौघांना पहिल्याच दिवशी २५-२५ टक्के देऊन टाकू नका. हिस्सा चार वर्षांत थोडा थोडा पक्का होईल आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडणाऱ्याला काहीच मिळणार नाही असं लिहा. आठव्या महिन्यात कोणी परदेशी शिकायला गेलं आणि २५ टक्के घेऊन गेलं, तर उरलेले तिघे त्याच्यासाठी राबतात.

यारा_नदी, मेलबर्न

इकडे सरकार खर्चाचा भाग उचलतं, म्हणून तुलना करताना जपून. ऑस्ट्रेलियात डिजिटल गेम्स टॅक्स ऑफसेट ही करसवलत पात्र खर्चाच्या ३० टक्के परत देते, पण किमान ५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर पात्र खर्च हवा. त्यामुळे चार जणांच्या छोट्या कामाला ती लागू होईलच असं नाही. ब्रिटनमध्येही व्हिडिओ गेमसाठी ३४ टक्क्यांच्या दराची खर्च-सवलत आहे. परदेशी स्टुडिओ तीन वर्षं एका गेमवर बसतो, ते पाहून पुण्यात तसंच करायचं ठरवलं तर मधला हा पैसा तुमच्याकडे नसतो.

जमाखर्च

महाराष्ट्रानेही २०२५ मध्ये एव्हीजीसी-एक्सआर (अॅनिमेशन, दृश्य परिणाम, गेमिंग, कॉमिक्स वगैरे) धोरण मंजूर केलं आहे. अर्ज जरूर करा. पण अनुदान खात्यात पडेपर्यंत जमेच्या बाजूला एक रुपयाही लिहू नका.

आडवाटा

सगळं वाचून वाटतं की कोणी हे करूच नये. मग लोक करतात कशासाठी? स्टारड्यू व्हॅली हा गेम एका माणसाने चार वर्षांहून जास्त काळ एकट्याने बनवला, २०१६ मध्ये आला, २०२४ पर्यंत ४ कोटींहून जास्त प्रती. कपहेड हा गेम बनवणाऱ्या भावांनी घरं गहाण टाकली आणि २०१७ मध्ये दोन आठवड्यांत १० लाख प्रती विकल्या.

रात्रपाळी

घर गहाण टाकून बुडालेल्यांची नावं आपल्याला माहीत नसतात, एवढंच. त्यापेक्षा आपल्या पुण्यातलं उदाहरण जास्त उपयोगी आहे. नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा 'राजी: अॅन एन्शन्ट एपिक'. २०१७ मधली किकस्टार्टर मोहीम (लोकांकडून ऑनलाइन निधी गोळा करायची) अयशस्वी झाली. पुढे अनरियल या गेम इंजिनवाल्यांचं अनुदान मिळालं, प्रकाशक आला, आणि २०२० मध्ये गेम आधी निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर आणि मग बाकी ठिकाणी आला. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकन. यात शिकण्यासारखं हे की पैसा एका दारातून आला नाही. एक दार बंद झालं तेव्हा दाखवण्याजोगा खेळता येणारा भाग तयार होता, म्हणून दुसरं उघडलं.

मोबदल्याबद्दल आडवाटांचा प्रश्न रास्त आहे, तर तो मोजून सांगतो. गेम एकदा झाला की त्याच्यावर पगार चालू नसतो. दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी मोठ्या सवलतींच्या हंगामात येणारी विक्री कमी असते, पण तिच्यातला बहुतेक पैसा शिल्लक राहतो. वर आणखी: कन्सोलवर नेणं, बंडल (अनेक गेम एकत्र विकणं), सदस्यत्व सेवेकडून मिळणारी ठोक रक्कम. अमंग अस हा गेम २०१८ मध्ये आला आणि जगभर गाजला २०२० मध्ये. हक्क स्वतःकडे आणि स्टुडिओ दोन वर्षं जिवंत, म्हणूनच ते पैसे त्यांना मिळाले. सेवाकामात, म्हणजे ग्राहकासाठी पैसे घेऊन केलेल्या कामात, महिना संपला की कमाई संपते.

दुहेरी_खाते

सेवाकामाला नावं ठेवू नका, स्टुडिओ जिवंत ठेवायचा तोच मार्ग आहे. फक्त ते कसं करायचं ते ठरवा. चौघांनी अर्धा-अर्धा दिवस ग्राहकाचं काम केलं की स्वतःचा गेम थांबतो, कारण ग्राहकाची तातडी नेहमी जिंकते. त्यापेक्षा दोघं पूर्ण वेळ ग्राहकाकडे, दोघं पूर्ण वेळ गेमवर, सहा महिन्यांनी अदलाबदल. उद्यम नोंदणी करा, फुकट आहे. सूक्ष्म-लघू उद्योगाला भारतीय ग्राहकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असं कायदा सांगतो. बिलावर उद्यम क्रमांक छापला की उधारी बरीच कमी होते.

नदीकाठ

मोबाइलचं काय? गूगल आणि अॅपल दोघंही छोट्या विकसकांकडून १५ टक्केच घेतात.

विशलिस्ट_वारकरी

कमिशन कमी, पण मोफत गेममध्ये खेळाडू जाहिरातीवर पैसे घालून आणावा लागतो. एक खेळाडू आणायला १५ रुपये आणि तो आयुष्यभरात जाहिराती-खरेदीतून ११ रुपये देत असेल, तर जितके जास्त खेळाडू तितका मोठा तोटा. आधी दोन-तीन हजार खेळाडूंवर हा फरक मोजा. उणे आला तर जाहिरात थांबवा, गेम सुधारा. त्याचा वेगळा धागा काढावा लागेल.

जमाखर्च

सगळ्यांच्या सूचना घेऊन दुसरा नमुना मांडला.

तीन जण, १० महिने, घरून काम. पगार १५ लाख, मशीन ३.६, संगीत १, ट्रेलर-चित्रं ०.८, सहा हजार शब्द तीन भाषांत १.५३, सीए ०.६. एकूण २२.५३ लाख, २० टक्के राखीव धरून २७.०४ लाख. किंमत ७.९९ डॉलर ठेवली तर त्याच प्रमाणात प्रतीमागे २२६ रुपये मिळतात आणि ११,९६५ प्रती लागतात. ९.९९ ठेवली तर २८३ रुपये आणि सुमारे ९,५६० प्रती. दोन डॉलरच्या संकोचापोटी २,४०० गिऱ्हाइकं जास्त शोधावी लागतात.

आणि गेम पडला, हजारच प्रती गेल्या तर? पहिल्या नमुन्यात ८२ लाख बुडतात. यात सुमारे २४ लाख. नदीकाठ म्हणतात तसे परतावे १५ टक्के धरले तर ९,५६० चे साधारण १०,१०० होतात, ते मूळ तक्त्यात दुरुस्त करतो.

रात्रपाळी

प्रकाशनानंतरचे तीन महिने धरा त्यात. तिघांचे ४.५ लाख.

जमाखर्च

हो, राहिलेच. २७.०४ अधिक ४.५, म्हणजे ३१.५४ लाख. ९.९९ ला, १५ टक्के परताव्यांसह प्रतीमागे २६७ रुपये. ११,८०० प्रती. तक्ता बदलला.

पावती_पुस्तक

एलयूटीची ओळ तक्त्यात तारखेसह टाका. ३१ मार्चला संपतं, १ एप्रिलनंतर पहिली रक्कम यायच्या आधी नवं भरलेलं हवं.